हॉलंडात कंपनीची मोटार : सोय, हिशेब आणि कर

परदेशी गेलेल्या आपल्या तरुण मंडळींपैकी अनेकांनी नोकरी सोडून स्वतःची लहानशी कंपनी काढण्याचा मार्ग धरला आहे. हॉलंडात संगणकाच्या व अभियांत्रिकीच्या क्षेत्रांत एकट्यादुकट्याने सल्लागारीचे काम करणाऱ्यांत तर हा मार्ग बराच रुळला आहे. कंपनी निघाली की थोड्याच दिवसांत घरात एक प्रश्न उभा राहतो : मोटार स्वतःच्या नावे घ्यावी, की कंपनीच्या नावे भाडेकराराने घ्यावी? मित्रमंडळी सांगतात, "कंपनीतून घे, सगळा खर्च वजा होतो." हे बोलणे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या सत्यावर पाच वर्षांचा करार करणे धोक्याचे असते. यास्तव या विषयाची साद्यंत माहिती वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नेदरलँड्समधील खाजगी मर्यादित कंपनी, जिला तेथे 'बी.व्ही.' म्हणतात, ती व तिचा मालक या कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या व्यक्ती होत. पाच टक्के वा अधिक भाग धारण करून कंपनीचे काम पाहणारा गृहस्थ हा एकाच वेळी तिचा मालकही असतो आणि पगारी नोकरही. म्हणून कंपनीने घेतलेली मोटार तो घरच्या कामासाठी वापरतो, तेव्हा मालकाने नोकरास दिलेली ती सुखसोय ठरते व पगाराप्रमाणेच तीवर कर बसतो. आपले पूर्वज कोकणात घाणे चालवीत, त्या काळी घाण्याचा बैल आठवड्यातून एकदा घरच्या गाडीला जुंपला तर त्याचा हिशेब कोणी विचारीत नसे. डच करखाते मात्र नेमका हाच हिशेब विचारते.

पगारात मिळविली जाणारी रक्कम

या हिशेबाला तेथे 'बायटेलिंग' असे नाव आहे. शब्दाचा सरळ अर्थ 'मिळवणी' असा. मोटारीचा खाजगी वापर एका कॅलेंडर वर्षात ५०० किलोमीटरांहून अधिक झाला, की तिच्या मूळ छापील किमतीचा ठराविक भाग चालकाच्या वार्षिक पगारात मिळविला जातो आणि त्या वाढीव पगारावर आयकर द्यावा लागतो. सर्वसाधारण दर २००८ ते २०१६ या काळात २५ टक्के होता. १ जानेवारी २०१७ पासून रस्त्यावर आलेल्या गाड्यांना तो २२ टक्के झाला. छापील किंमत म्हणजे गाडी नवी असतानाची किंमत. विक्रीकर व नोंदणीकर हे दोन्ही तीत धरलेले असतात. भाडे किती ठरले किंवा सूट किती मिळाली, याच्याशी तिचा संबंध नाही.

वाचकांना हे उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. पेट्रोलच्या मोटारीची छापील किंमत ४०,००० युरो असेल, तर तिच्या २२ टक्के म्हणजे ८,८०० युरो वर्षाच्या पगारात मिळविले जातील. २०२५ सालच्या दरांनुसार ३८,४४१ ते ७६,८१७ युरो या टप्प्यातील उत्पन्नावर ३७.४८ टक्के आयकर होता. त्यामुळे या मिळवणीवरील कर सुमारे ३,२९८ युरो येतो. उत्पन्न त्या टप्प्याच्या वर असेल तर दर ४९.५ टक्के, आणि कर ४,३५६ युरो. शिवाय उत्पन्न वाढले की सर्वसाधारण कर-सूट व नोकरदारांची कर-सूट या दोन्ही कमी होत जातात. मुलांच्या पाळणाघरासाठी सरकारकडून मिळणारे साहाय्यही कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरत असल्याने तेही घटू शकते. तान्ह्या मुलांच्या आईबापांनी हा मुद्दा विसरू नये. मोटारीपायी वाढलेला पगार हाती रोख येत नाही, पण साहाय्य देणारे खाते तो उत्पन्न म्हणूनच मोजते.

मोटारीच्या खाजगी वापराबद्दल चालकाने कंपनीला काही रक्कम दिली, तर ती या मिळवणीतून वजा होते. मात्र मिळवणी शून्याखाली जात नाही.

विजेच्या गाड्यांची सवलत

धूर न सोडणाऱ्या गाड्यांना डच सरकारने मोठी सवलत दिली होती, पण ती वर्षागणिक आटत आली आहे. २०१९ साली विजेच्या गाडीसाठी ५०,००० युरोंपर्यंतच्या किमतीवर अवघे ४ टक्के धरीत. २०२० मध्ये ४५,००० पर्यंत ८ टक्के, २०२१ मध्ये ४०,००० पर्यंत १२ टक्के, २०२२ मध्ये ३५,००० पर्यंत १६ टक्के, २०२३ व २०२४ मध्ये ३०,००० पर्यंत १६ टक्के, आणि २०२५ मध्ये ३०,००० पर्यंत १७ टक्के, असा हा क्रम आहे. मर्यादेवरील किमतीला नेहमीचे २२ टक्के लागतात.

वरचीच ४०,००० युरोंची किंमत धरून २०२५ सालच्या विजेच्या गाडीचा हिशेब करू. पहिल्या ३०,००० वर १७ टक्के म्हणजे ५,१००. उरलेल्या १०,००० वर २२ टक्के म्हणजे २,२००. एकूण ७,३०० युरो. पेट्रोलच्या गाडीशी फरक फक्त १,५०० युरोंचा राहिला. "विजेची घे, कर लागत नाही" हा सल्ला काही वर्षांपूर्वी जवळजवळ खरा होता. तो आता जुना झाला.

येथे एक उपयुक्त नियम सांगितला पाहिजे. गाडी प्रथम नोंदविली गेली त्या वर्षाचा दर पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ६० महिने कायम राहतो, आणि तो गाडीला चिकटलेला असतो, माणसाला नव्हे. मार्च २०२१ मध्ये नोंदविलेल्या विजेच्या गाडीला १२ टक्क्यांचा दर ३१ मार्च २०२६ पर्यंत लाभला. म्हणून वर्षा-दोन वर्षांची वापरलेली विजेची गाडी भाड्याने घेणाऱ्यास उरलेल्या महिन्यांपुरता जुना, कमी दर मिळू शकतो. करारावर सही करण्यापूर्वी पहिल्या नोंदणीची तारीख विचारून घ्यावी.

कंपनीची बाजू

कंपनीच्या वहीत भाड्याचे हप्ते, इंधन, विमा व दुरुस्ती हे सर्व खर्च नफ्यातून वजा होतात. २०२३ पासून २०२५ पर्यंत २,००,००० युरोंपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के व त्यापुढील नफ्यावर २५.८ टक्के असा कंपनीकर होता. लहान कंपनीस म्हणूनच शंभर युरो खर्चामागे १९ युरोच वाचतात. उरलेले ८१ तिच्या खिशातूनच जातात. "खर्च वजा होतो" याचा अर्थ "खर्च परत मिळतो" असा लावणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

भाडेकरार दोन जातींचे असतात. एकात गाडी भाडे देणाऱ्या कंपनीच्याच मालकीची राहते. विमा, दुरुस्ती, टायर हे सारे बहुधा हप्त्यात येते आणि मुदत संपली की गाडी परत जाते. दुसरा प्रकार नावाने भाडेकरार असला तरी वस्तुतः हप्त्याने खरेदीच होय. त्यात गाडी आपल्या कंपनीच्या ताळेबंदात येते, व्याज आणि घसारा वजा होतो, पण घसारा वर्षाला खरेदीखर्चाच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. चालकाच्या पगारातील मिळवणी मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच.

विक्रीकराचा, म्हणजे तिकडच्या भाषेत 'बी.टी.डब्ल्यू.'चा, प्रश्न निराळा आहे. हप्त्यांवर २१ टक्के विक्रीकर लागतो. करपात्र धंदा करणारी कंपनी तो परत मागू शकते. परंतु खाजगी वापर असल्यास वर्षअखेरच्या विवरणात छापील किमतीच्या २.७ टक्के इतकी रक्कम सरकारला परत करावी लागते. आपल्या उदाहरणात ती १,०८० युरो होते. वैद्यकीय सेवेसारख्या विक्रीकरमुक्त व्यवसायात असणाऱ्यांना मुळात हा कर परत मागताच येत नाही. त्यांना मोटार त्या मानाने महाग पडते.

याच ठिकाणी अनेकांचा गोंधळ होतो. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास आयकराच्या हिशेबात धंद्याचा मानतात, विक्रीकराच्या हिशेबात मात्र तोच प्रवास खाजगी ठरतो. एकाच रस्त्यावरून जाणारी एकच गाडी एका वहीत कामावर असते आणि दुसऱ्या वहीत घरच्या कामावर!

मालकाचा ठराविक पगार

आपल्याच कंपनीत काम करणाऱ्या मालकाने नाममात्र पगार घेऊन कर चुकवू नये, म्हणून कायद्याने त्याचा 'रूढ पगार' ठरवून दिला आहे. २०२५ साली तो सामान्यतः निदान ५६,००० युरो असावा लागे. मोटारीची मिळवणी या रकमेत धरता येते. म्हणजे ८,८०० युरोंची मिळवणी असेल तर ४७,२०० युरो रोख घेऊनही ५६,००० चा पगार पुरा होतो. अशा वेळी आयकर पूर्वीइतकाच राहतो. फक्त हाती येणारा रोख पैसा घटतो आणि तेवढी रक्कम कंपनीत शिल्लक राहते. ती पुढे लाभांश म्हणून काढली तर २०२५ च्या दरांनी आधी १९ टक्के कंपनीकर आणि नंतर ६७,८०४ युरोंपर्यंतच्या लाभांशावर २४.५ टक्के कर लागे.

दोन्ही मार्गांची तुलना

आता दोन्ही मार्ग शेजारी ठेवून पाहू. खालील भाड्याचे व इंधनाचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून आम्ही धरले आहेत. कराचे दर २०२५ चे आहेत. गाडी पेट्रोलची, छापील किंमत ४०,००० युरो. भाडे विक्रीकर सोडून महिना ६५० व इंधन १५० युरो.

गाडी कंपनीने घेतली तर वर्षाचा खर्च ९,६०० आणि विक्रीकराची परतफेड १,०८०, मिळून १०,६८० युरो. रूढ पगारात मिळवणी धरल्यामुळे रोख पगाराचे ८,८०० युरो कंपनीकडे राहिले. तेव्हा तिच्यावरील जादा भार १,८८० युरोंचा. कंपनीकर व लाभांशकर विचारात घेता मालकाच्या दृष्टीने त्याची किंमत सुमारे १,१५० युरो होते. हाती न आलेले ८,८०० त्यात मिळवले की मोटार वर्षाला ९,९५० युरोंस पडली.

तीच गाडी खाजगी भाड्याने घेतली तर २१ टक्के विक्रीकर स्वतःच सोसावा लागतो. वर्षाचा खर्च ११,६१६ युरो होतो. पण स्वतःची गाडी कंपनीच्या कामासाठी चालविल्याबद्दल कंपनी दर किलोमीटरला ठराविक रक्कम करमुक्त देऊ शकते. २०२२ पर्यंत ती १९ सेंट होती, २०२३ मध्ये २१ आणि २०२४ व २०२५ मध्ये २३ सेंट. कामाचा प्रवास वर्षाला १०,००० किलोमीटर असेल तर २,३०० युरो हाती येतात. ते आपल्याच कंपनीतून आले, हे जमेस धरून हिशेब केला तरी एकूण भार सुमारे १०,७२३ युरोंवर येतो. म्हणजे या परिस्थितीत कंपनीची गाडी पावणेआठशे युरोंनी स्वस्त पडली.

परंतु गाडीचा एकूण प्रवास तितकाच राहून त्यातील कामाचा भाग २०,००० किलोमीटर झाला, तर खाजगी मार्गाचा भार ९,८२९ युरोंपर्यंत उतरतो आणि पारडे दुसऱ्या बाजूस झुकते. सर्वसामान्य समज याच्या नेमका उलट आहे! कामाचा प्रवास जितका जास्त तितकी कंपनीची गाडी फायद्याची, असे पुष्कळांना वाटते. पण मिळवणीची रक्कम किलोमीटरांवर अवलंबून नसल्याने ती कामाच्या प्रवासाने कमी होत नाही. करमुक्त भत्ता मात्र प्रत्येक किलोमीटरामागे वाढत जातो. ज्यांचा घरगुती प्रवास पुष्कळ, गाडी नवी आणि महाग, त्यांना कंपनीचा मार्ग सोयीचा. ज्यांचा कामाचा प्रवास पुष्कळ आणि गाडी साधी, त्यांना खाजगी मार्ग बरा, असा ढोबळ नियम सांगता येईल.

जुन्या गाडीचा सापळा

काटकसरी स्वभावाचे आपले लोक जुनी गाडी घेणे पसंत करतात. कंपनीच्या नावे जुनी गाडी घेताना मात्र विशेष जपावे. २०१६ साली नोंदविलेली, त्या वेळी ४०,००० युरोंची असलेली पेट्रोलची मोटार आज ११,००० युरोंस मिळाली, तरी तिची मिळवणी मूळ ४०,००० च्या २५ टक्के, म्हणजे वर्षाला १०,००० युरो होईल. गाडीची बाजारातील किंमत जवळजवळ दरवर्षी पगारात मिळविली जाईल! एकमालकी धंदा करणाऱ्यास कायद्याने येथे दिलासा दिला आहे : त्याच्या बाबतीत ही रक्कम गाडीवरील प्रत्यक्ष खर्चाच्या वर जात नाही. कंपनीच्या पगारी मालकाला तशी मर्यादा नाही. अशी जुनी गाडी स्वतःच्या नावे ठेवून कंपनीकडून किलोमीटरमागे भत्ता घेणे हेच बहुधा शहाणपणाचे.

पाचशे किलोमीटरांची मर्यादा

कोणी म्हणेल, आम्ही गाडी खाजगी कामास वापरणारच नाही. तशी सोय कायद्यात आहे. खाजगी वापर नसल्याचे प्रतिज्ञापत्र करखात्याकडून घेता येते आणि मग मिळवणी होत नाही. पण सिद्धतेचा भार चालकावर असतो. त्यासाठी प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवावी लागते : तारीख, निघताना व पोहोचताना मीटरचा आकडा, दोन्ही ठिकाणचे पत्ते, नेहमीचा रस्ता सोडला असल्यास घेतलेला रस्ता, आणि फेरी कामाची की खाजगी. गाडीचा प्रकार, नंबर व ती कोणत्या काळात ताब्यात होती, हेही लिहावे लागते.

वर्षभर शिस्तीने वागून डिसेंबरात नातलगांना विमानतळावर पोहोचविण्याच्या नादात ५०१ किलोमीटर झाले, तर मिळवणी एका किलोमीटरची नव्हे, सबंध वर्षाची होते. नोंदवही अपुरी असली तरी परिणाम तोच, आणि वर दंडाची शक्यता. ज्या घरात दुसरी गाडी नाही, त्या घरातील मोटार वर्षाला ५०० किलोमीटरांहून कमी खाजगी धावली, यावर करखात्याचा विश्वास बसणे कठीणच. तेव्हा मनाची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

इतर देशांतील रीत

हिंदुस्थानातून गेलेल्या मंडळींना ही सारी पद्धत जाचक वाटते, याचे कारण आपल्याकडील जुनी रीत सौम्य होती. १९६२ च्या आयकर नियमावलीनुसार मालकाच्या खर्चाने चालणारी गाडी कामासाठी व घरासाठी दोन्हीकडे वापरल्यास, १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी दरमहा १,८०० रुपये व त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये एवढीच सुखसोयीची किंमत धरली जाई. गाडी पाच लाखांची की पन्नास लाखांची, हे पाहिले जात नसे. उलट इस्राएलात स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांना डच पद्धत ओळखीची वाटेल. तेथेही २०१० नंतर रस्त्यावर आलेल्या गाड्यांसाठी किमतीच्या ठराविक टक्क्यांनी, दरमहा २.४८ टक्के या हिशेबाने, वापराचे मूल्य पगारात धरतात. वर्षाचा विचार करता हा दर हॉलंडच्याही वर जातो.

कराखेरीज विचार

आमच्या मते कराइतकाच महत्त्वाचा प्रश्न मुदतीचा आहे. भाडेकरार चार-पाच वर्षांचा असतो. सल्लागारीचे काम मात्र अनेकदा सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे असते. स्वतंत्र म्हणून काम करणारा माणूस वस्तुतः नोकरच आहे काय, याची तपासणी करखात्याने बराच काळ शिथिल ठेवली होती. १ जानेवारी २०२५ पासून ती शिथिलता संपली. अशा स्थितीत एकाच ग्राहकावर चालणाऱ्या कंपनीने पाच वर्षांच्या हप्त्यांत अडकणे धाडसाचे होय. करार मुदतीपूर्वी मोडल्यास भरपाई द्यावी लागते. कंपनी नवी असल्यास मालकाकडून जातजामीनही मागितला जाऊ शकतो. मग कंपनीची जबाबदारी मर्यादित असल्याचा फायदा त्या कर्जापुरता उरत नाही.

आणि मोटार हवीच काय, हाही प्रश्न एकदा विचारावा. सायकलींच्या त्या देशात कंपनीने दिलेल्या सायकलीसाठी २०२० पासून किमतीच्या फक्त ७ टक्के पगारात मिळवितात. २,००० युरोंच्या सायकलीमागे वर्षाला १४० युरो! कामासाठी आगगाडीने केलेल्या प्रवासाचा खर्चही कंपनी करमुक्त देऊ शकते. आठवड्यातून एकदोन वेळाच ग्राहकाकडे जाणाऱ्या कुटुंबाने हा हिशेबही मांडून पाहावा.

सारांश, सही करण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात : गाडीची मूळ छापील किंमत, पहिल्या नोंदणीची तारीख, वर्षातील कामाचा व घरचा प्रवास, स्वतःचा एकूण पगार कोणत्या टप्प्यात येतो, आणि हातातील काम किती महिन्यांचे आहे. डच सरकार दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी पुढील वर्षाचा अर्थसंकल्प मांडते व दर बदलतात. म्हणून येथे दिलेले आकडे त्या त्या वर्षाचेच समजावेत आणि चालू वर्षाचे दर तेथील हिशेबतपासनिसाकडून पडताळून घ्यावेत. त्याच्या सल्ल्याची फी द्यावी लागेल, हे खरे. पण पाच वर्षांच्या चुकीच्या करारापेक्षा ती खासच स्वस्त पडेल. मोटार दारात उभी राहिली की शेजारीपाजारी कौतुक करतील. तिचा हप्ता मात्र दर महिन्याला आपणच भरायचा आहे, एवढे ध्यानात ठेवावे.